कारखान्याजवळच्या दाट वस्तीत घर बघताना

घर बघायला लोक रविवारी जातात. कारखान्यांच्या शेजारची वस्ती रविवारी बघणं न बघण्यातच जमा. निम्मी युनिटं बंद असतात, गेटवर टँकरची रांग नसते, रस्त्यावर पोरं निवांत सायकली फिरवत असतात आणि एजंट दोन्ही हात पसरून सांगतो, "बघा मॅडम, किती शांत!" मी रासायनिक कारखान्याच्या सुरक्षा विभागात तिन्ही पाळ्या केलेली बाई. नात्यात, ओळखीत कुणाला अशा भागात घर घ्यायचं झालं की मला सोबत नेतात. माझी अट ठरलेली असते. कामाच्या दिवशी जायचं, आणि एकदा तरी उजाडायच्या आत जायचं.

अशा वस्त्यांबद्दल दोन टोकांची मतं कानावर येतात. एकाला सगळं पायी पोचण्यासारखं आहे याचंच कौतुक. दुसरा चिमणी दिसली की नाक मुरडून गाडी फिरवतो. मला दोघांचंही अर्धंच पटतं. दाट वस्तीत शाळा, बाजार, दवाखाना, बाग, बसथांबा सगळं दहा मिनिटांच्या आत, हे खरं सुख आहे. पण सगळं जवळ म्हणजे सगळं एकाच वाऱ्याखाली. मूल घरात असो, वर्गात असो की मैदानात, श्वास त्याच हवेचा. शिवाय चालणारा माणूस रस्त्याच्या पातळीवर, ट्रकच्या चाकाशेजारी असतो. तेव्हा कारखाना किती लांब आहे एवढं विचारून भागत नाही. तिथलं काय, कोणत्या वेळी आणि कोणत्या वाटेने तुमच्या रोजच्या पायवाटेवर येतं, ते शोधायचं.

वारा आधी, अंतर नंतर

नकाशावर बोट ठेवून "दीड किलोमीटर आहे ना, मग चालेल" असा हिशेब बहुतेक जण करतात. उंच चिमणी धूर नाहीसा करत नाही, तो लांब नेऊन, विरळ करून खाली सोडते. त्यामुळे चिमणीच्या पायथ्याशी राहणाऱ्याला कधीकधी काहीच जाणवत नाही आणि वाऱ्याच्या रेषेत बरंच पुढे राहणाऱ्याच्या गॅलरीत वास येतो. उलट शेडच्या छपरातले पंखे, उघड्यावरचे ढीग, टाक्यांचे व्हेंट म्हणजे हवा सोडायच्या नळ्या, सांडपाण्याचे हौद यांतून जे निघतं ते जमिनीलगत निघतं आणि लगतच्या गल्ल्यांनाच सगळ्यात जास्त भोवतं. शेजारचा कारखाना यातल्या कोणत्या जातीचा, हे आधी ठरवा. बरेचसे दोन्ही जातींचे असतात.

वाऱ्याची माहिती मिळवणं कठीण नाही. जवळच्या विमानतळाचा किंवा वेधशाळेचा विंड रोझ बहुधा मिळतो. वर्षभरात वारा कोणत्या दिशेने किती वेळा आला, याचा तो गोल आलेख. वाचताना एवढंच ध्यानात ठेवायचं की वाऱ्याला नाव तो जिथून येतो त्या दिशेचं असतं. पश्चिमेचा वारा पूर्वेकडे वाहतो, म्हणजे कारखाना तुमच्या पश्चिमेला असेल तर तो वारा तुमच्या घरावरून जाणार. पण वर्षाच्या सरासरीवर विसंबू नका. समुद्राजवळ दिवसा वारा पाण्याकडून जमिनीकडे येतो आणि रात्री उलटा फिरतो. डोंगराच्या कुशीत रात्री गार हवा उतारावरून खाली सरकते. सरासरीत तुमची बाजू निर्धोक दिसेल, आणि रोज रात्री खिडक्या उघड्या टाकून झोपायच्या वेळी वारा नेमका तिकडूनच येत असेल.

एक सोपी खूण सांगते. रासायनिक कारखान्यात उंच जागी विंडसॉक लावलेला असतो, कापडाची ती लांब, पट्ट्यापट्ट्यांची पिशवी. गळती झाली तर कामगारांनी कोणत्या बाजूला पळायचं हे कळावं म्हणून ती असते, पण बाहेरच्या रस्त्यावरूनही दिसते. घर बघायला याल तेव्हा दर वेळी तिचं शेपूट कुठे बघतंय ते टिपून ठेवा. ते तुमच्या खिडकीकडे वळलेलं असेल त्या दिवशी जास्त वेळ थांबा.

उजाडायच्या आतली फेरी का, तर मोकळं आकाश आणि पडलेला वारा असलेल्या थंड रात्री जमीन झपाट्याने निवते, तिला लागून असलेली हवा गार होते आणि तिच्यावर उबदार हवेचं झाकण बसतं. खालचा धूर वर जाऊ शकत नाही. बेल्जियममधल्या म्यूझ नदीच्या खोऱ्यात डिसेंबर १९३० मध्ये असं झाकण काही दिवस टिकलं आणि साठाहून जास्त माणसं गेली. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या डोनोरा गावात ऑक्टोबर १९४८ मध्ये वीस जण दगावले. दोन्हीकडे नदीचं खोरं, शेजारी कारखाने आणि त्यांना लागून घरं. इतकं टोकाचं रोज घडत नाही, पण त्याची छोटी आवृत्ती अनेक वस्त्यांत थंडीभर चालू असते. चिमणीचा धूर वर न चढता आडवा, पट्टीने आखल्यासारखा पसरलेला दिसला की झाकण बसलंय असं समजा. ऊन चढायला लागलं की ते खालून विरतं, आणि रात्रभर वर अडकलेला धूर थोड्या वेळासाठी एकदम खाली येतो. ही वेळ नेमकी मुलांनी शाळेला निघायची. सकाळच्या शुद्ध हवेत फिरायला जातो म्हणणाऱ्यांना मी हे सांगते तेव्हा ते माझ्याकडे संशयाने बघतात.

पांढरं दिसलं की घाबरायचं मात्र नाही. कूलिंग टॉवरमधून, म्हणजे कारखान्याचं गरम पाणी निववणाऱ्या मनोऱ्यातून, निघते ती बहुतेक वाफ. तिच्या कडा फाटक्या असतात आणि थोड्या अंतरावर ती हवेत विरून जाते. धूर तसा विरत नाही, फिकट होत होत लांबवर जातो. बॉयलरच्या चिमणीतून रात्री मधूनच काळा झोत निघाला तर ती बहुधा काजळी झाडायची वेळ. हे काम साधारणपणे पाळीतून एकदा होतं, आणि रात्रीच्या पाळीत झाडलं की बघणारं कुणी नसतं.

नाक, फडकं आणि लोहचुंबक

वासावरून धोका ठरवू नका, ना वाढवून ना कमी करून. काही वास असह्य असतात आणि फारसं काही करत नाहीत. कार्बन मोनॉक्साइडला वासच नाही. हायड्रोजन सल्फाइड अगदी किंचित असतो तेव्हा कुजक्या अंड्यासारखा येतो, पण प्रमाण दहा लाखात शंभर भागांच्या आसपास गेलं की काही मिनिटांत नाक बधिर होतं आणि वास गेला असं वाटतं. कामावर येणाऱ्या नव्या मुलांना आम्ही पहिल्या दिवशी हेच शिकवायचो.

शेजाऱ्यांना वासाबद्दल विचाराल तर "सवय झाली हो" हेच ऐकाल. ते खोटं बोलत नसतात, नाक खरंच सरावतं. म्हणून नुकतेच राहायला आलेले भाडेकरू शोधा. गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्याला विचारा की कपडे कोणत्या महिन्यांत आत घ्यावे लागतात. औषधाच्या दुकानात विचारा, खोकल्याची आणि दम्याची औषधं वर्षभर सारखीच खपतात की काही महिन्यांत एकदम वाढतात.

धुळीसाठी ओलं पांढरं फडकं पुरतं. खिडकीची बाहेरची कड पुसा. काळा, चिकट, बोटाला लागून राहणारा थर बहुतेक डिझेलचा आणि काजळीचा. करडी, पीठासारखी भुकटी असेल तर राख किंवा सिमेंट. कोरडी धूळ कागदावर झटकून, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं लोहचुंबक तिच्यावरून फिरवा. केसाळ कण उभे राहिले तर बहुधा जवळ ओतकाम, ग्राइंडिंग किंवा पोलादाचं काम चालतं. माझ्या भाचीने हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा पिशवीवरची ती काळी लव बोटाने चेपत ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मावशी, हे आपण झाडूने काढून परत हवेतच उडवतो ना?" हो, उडवतो. म्हणून अशा घरात झाडण्यापेक्षा ओलं पुसणं बरं.

डोळ्यांना दिसते ती धूळ मोठी, बरीचशी नाकात-घशात अडकणारी. फुप्फुसात खोल जाते ती पीएम २.५, म्हणजे अडीच मायक्रोमीटर किंवा त्याहून बारीक धूळ. तिच्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये वर्षाची मर्यादा निम्म्यावर आणली. वर्षाची सरासरी घनमीटरमागे ५ मायक्रोग्रॅम, आणि २४ तासांची १५. जगातल्या फार थोड्या शहरांना ती जमते, तेव्हा आकडा ओलांडला म्हणून घर सोडून देऊ नका. त्याच शहरातल्या दुसऱ्या वस्तीशी तुलना करा. हातातला स्वस्त सेन्सर तुलनेला चालतो, पण दमट हवेत तो पाण्याचे थेंबही धूळ म्हणून मोजतो आणि आकडा फुगवतो. त्याला बेंझीन किंवा सल्फर डायऑक्साइडसारखे वायू तर दिसतच नाहीत. सेन्सर हिरवा दाखवतोय म्हणून हवा चांगली, असा निष्कर्ष काढू नये.

आवाजाचं थोडक्यात सांगते. जागतिक आरोग्य संघटनेची रस्त्याच्या आवाजाची २०१८ ची शिफारस रात्री ४५ डेसिबलची आहे. मोबाइलचं ॲप नेमका आकडा देत नाही, पण एकाच फोनने दोन घरं मोजली तर फरक कळतो, आणि १० डेसिबलचा फरक कानाला साधारण दुप्पट वाटतो. खरा त्रास बारीक घरघरीचा. पंखे, कॉम्प्रेसर, ट्रान्सफॉर्मर यांचा खालच्या सुराचा आवाज भिंती अडवत नाहीत आणि ॲप त्याला कमी मोजतं. झोपायच्या खोलीत खिडकी लावा, दिवे-पंखे बंद करा आणि कोपऱ्यात डोकं नेऊन उभे राहा. असा आवाज कोपऱ्यात जास्त उठून येतो. एजंटला विचित्र वाटेल, वाटू द्या.

चालून बघा, आणि म्हातारं माणूस सोबत घ्या

या भागावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते, कारण वस्ती ‘चालण्याजोगी’ आहे असं जाहिरातीत लिहिणं सोपं आहे. साध्या चालीने मिनिटाला ८० मीटर होतात, म्हणजे ४०० मीटर पाच मिनिटांत. अमेरिकेत क्लॅरेन्स पेरी या नगररचनाकाराने १९२९ मध्ये शेजारवस्तीची कल्पना मांडली, तीही साधारण याच मापावर. मधोमध शाळा, भोवती चालत पोचता येतील अशी घरं, आणि मोठे वाहते रस्ते वस्तीच्या कडेला. पेरींची ही शेवटची अट कारखान्याशेजारच्या वस्तीत सर्वात आधी मोडते. मालाचा रस्ता मधूनच जातो, कारण कधीकाळी तोच कडेचा होता आणि वस्ती त्याच्या पलीकडे वाढली.

म्हणून नकाशावरचे मीटर सोडा. घराच्या दारापासून शाळेच्या दारापर्यंत चाला, आणि कुठे थांबावं लागतं ते बघा. भाचीसोबत गेले तेव्हा मी तिच्या सासूबाईंना मुद्दाम घेतलं होतं. सिग्नलची वेळ ठरवताना चालणारा सेकंदाला १.२ मीटर जाईल असं बऱ्याच ठिकाणी धरतात. १४ मीटर रुंदीचा रस्ता या वेगाने बारा सेकंदांत पार होतो. सासूबाईंचा गुडघा दुखतो, त्या ०.८ ने चालतात, म्हणजे त्यांना साडेसतरा लागतात. आम्ही तिघी हिरव्याला निघालो. त्या दुभाजकाच्या थोड्या पुढे होत्या तेव्हा चालणाऱ्याचं चित्र लाल झालं आणि डावीकडच्या ट्रेलरने एअरब्रेक सोडला. त्या फुस्स आवाजाने त्या जागच्या जागी थबकल्या. ड्रायव्हर भला होता, त्याने हात दाखवून "जा, जा" म्हटलं. पण रोज भला ड्रायव्हर भेटेलच असं नाही. दुभाजक उभं राहण्याइतका रुंद आहे का, हे मी तेव्हापासून आवर्जून बघते. दोन टप्प्यांत पार होणारा रस्ता म्हाताऱ्यांना आणि बाबागाडीवाल्यांना झेपतो.

मग चौकाचा कोपरा बघा, अगदी वाकून बघा. ट्रेलर वळतो तेव्हा त्याची मागची चाकं पुढच्या चाकांपेक्षा आतून जातात. फुटपाथच्या कडेचे दगड कोपऱ्यावर तुटलेले, त्यांवर टायरचे काळे फराटे, वरच्या फरशा खचलेल्या, सिग्नलचा किंवा पाटीचा खांब वाकलेला, असं दिसलं तर मागची चाकं तिथे फुटपाथवर चढतात. आणि रस्ता ओलांडायला माणसं उभी राहतात तीही तिथेच. ड्रायव्हर उंच बसलेला असतो, त्याला बॉनेटच्या लगेच पुढचं आणि त्याच्या विरुद्ध बाजूचं चाकाजवळचं दिसत नाही. शाळेच्या वाटेवर असा कोपरा असेल तर वाट बदलता येते का बघा. येत नसेल तर हा दोष मी मोठा धरते, धुळीहून मोठा. वेगाचंही तेच. ताशी ३० किलोमीटरच्या धडकेतून बहुतेक चालणारे वाचतात. ५० च्या पुढे ती शक्यता फार झपाट्याने खाली येते. रिकामा ट्रक भरलेल्यापेक्षा जोरात पळतो, म्हणून माल उतरवून परतणाऱ्या बाजूचा वेग आधी बघा.

गोदामांबद्दल इथेच सांगते. चिमणी नाही, वास नाही, नवीकोरी शेड, म्हणून लोकांना गोदाम बरं वाटतं. पण गोदामाचा सगळा धंदाच ट्रकचा. चोवीस तास येणं-जाणं, मागे घेतानाची टीं-टीं, पहाटे इंजिन चालू ठेवून झोपलेले ड्रायव्हर. रंगाचा छोटा कारखाना आणि मोठं गोदाम यांत चालणाऱ्याच्या दृष्टीने कोण वाईट, याचं उत्तर ट्रक मोजल्याशिवाय देऊ नये. दहा मिनिटं उभं राहून मोजा, एकदा शिफ्ट सुटताना आणि एकदा रात्री.

कारखान्याची लांबलचक भिंतही मोजा. दोन-तीनशे मीटर एकही दार नाही, खिडकी नाही, दुकान नाही, तर रात्री त्या बाजूने एकटं चालणं नको वाटतं. पण शिफ्ट सुटण्याच्या वेळी तीच भिंत माणसांनी भरून वाहते. रात्री अकराला आणि सकाळी सहाला रस्त्यावर वर्दळ, उघडी दुकानं, लवकर सुटणारी पहिली बस, ही कारखान्याची देणगी आहे आणि ती मान्य करायला हवी. निव्वळ बंगल्यांच्या उपनगरात रात्री औषध आणायला गाडी काढावी लागते. दाटी असली तर चालण्याच्या अंतरात पुरेशी गिऱ्हाइकं असतात, म्हणून दुकान टिकतं. दाटी म्हणजे उंच इमारत असंही नाही. जवळजवळ लागलेली चार मजल्यांची घरं आणि छोट्या-छोट्या गल्ल्या मोठ्या टॉवरभोवतीच्या मोकळ्या पार्किंगपेक्षा चालायला केव्हाही बऱ्या. दर ऐंशी-शंभर मीटरवर वळायला गल्ली मिळत असेल तर ट्रकचा रस्ता टाळून जाण्याच्या वाटाही मिळतात.

गेटवर उभं राहून वाचायच्या पाट्या

आता माझ्या खात्याचा विषय. रोज दिसणारं प्रदूषण एक, आणि एखाद्या दिवशी घडू शकणारा अपघात वेगळा. दुसऱ्याचा वास येत नाही, धूळ पडत नाही, म्हणून घर बघताना त्याचा विचारच होत नाही.

टँकरवरच्या पाट्या वाचायला शिका. धोकादायक माल नेणाऱ्या टँकरवर चार आकडी क्रमांक असतो, तो जगभर एकच. १००५ म्हणजे अमोनिया, १०१७ क्लोरीन, १०७५ एलपीजी, १२०३ पेट्रोल, १८३० सल्फ्युरिक आम्ल. गेटसमोर अर्धा तास थांबलात तर आत काय साठवतात याचा अंदाज मालकाला न विचारता येतो. क्लोरीन हवेपेक्षा अडीच पट जड, त्यामुळे गळती झाली तर तो जमिनीलगत, सखल भागाकडे सरकतो आणि तळघरात साचतो. अमोनिया एरवी हलका, पण थंड, द्रवरूप साठ्यातून सांडला तर त्याचंही धुकं सुरुवातीला जमिनीला धरून चालतं. बर्फाचे कारखाने आणि शीतगृहं अमोनिया वापरतात, आणि त्यांना कुणी ‘केमिकल’ समजत नाही.

भोपाळला २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री मिथिल आयसोसायनेट हा विषारी वायू सुटला. तो हवेच्या जवळपास दुप्पट जड, आणि कारखान्याच्या भिंतीपलीकडे दाट वस्त्या झोपलेल्या. फ्रान्समधल्या तुलूझचा खतांचा कारखाना १९२४ मध्ये शहराबाहेर होता. शहर वाढत त्याच्याभोवती आलं आणि २१ सप्टेंबर २००१ च्या स्फोटात ३१ जण गेले. नेदरलँड्समधल्या एन्स्खेडे शहरात १३ मे २००० रोजी फटाक्यांचं गोदाम उडालं, तेही राहत्या घरांच्या मधोमध. तिथे २३ जण मेले. इटलीतल्या सेवेसो इथे १९७६ मध्ये डायॉक्सिन हे विषारी रसायन सुटल्यानंतर युरोपने १९८२ मध्ये कायदा केला. आज त्या कायद्याच्या नव्या रूपात मोठा धोका असलेल्या कारखान्याच्या आसपास राहणाऱ्यांना, काय साठा आहे आणि भोंगा झाला तर काय करायचं, हे सांगणं बंधनकारक आहे. तुमच्याकडे कायदा कोणताही असो, हे दोन प्रश्न शेजाऱ्यांना विचारा. भोंग्याची चाचणी कधी होते हे कुणालाच सांगता येत नसेल, तर माझ्या लेखी ती वाईट खूण.

पळायचं झालं तर वाऱ्याच्या पुढे धावायचं नाही, वाऱ्याला आडवं जायचं. म्हणून वस्तीतून बाहेर पडायला निदान दोन वाटा, आणि त्या वेगवेगळ्या दिशांना हव्यात. एकच वाट असेल आणि तीही रेल्वेच्या फाटकावरून किंवा टँकरच्या रांगेतून जात असेल, तर बाकी सगळं छान असलं तरी मी घर घेऊ देत नाही. गल्लीत अग्निशमनाची गाडी शिरते का हेही बघा. लावलेल्या दुचाकी आणि दुकानांची फळकुटं वजा करून साडेतीन मीटर तरी मोकळं राहायला हवं. रात्री मोजा, तेव्हा गाड्या लावलेल्या असतात.

जमिनीचा पूर्वेतिहासही विचारून घ्या, विशेषतः बंद पडलेल्या कारखान्याच्या जागेवर नवी इमारत असेल तर. नायगारा फॉल्स शहरातल्या लव्ह कनालमध्ये १९५३ पर्यंत रासायनिक कचरा पुरला होता. वर घरं आणि शाळा झाली, आणि १९७८ मध्ये आणीबाणी जाहीर करून कुटुंबं हलवावी लागली. जुना नकाशा, जुनं हवाई छायाचित्र, वस्तीतला एखादा निवृत्त कामगार, कुणीही चालेल. चर्मोद्योग, प्लेटिंग म्हणजे धातूवर मुलामा चढवण्याचं काम, इंधनाचा डेपो, ड्राय क्लीनिंगचा कारखाना यांपैकी काही निघालं तर मातीच्या तपासणीचा अहवाल मागा, तळमजला टाळा आणि बोअरचं पाणी पिऊ नका.

आता तराजूत टाका

सगळं बघून झालं की लोक गुणांची बेरीज करतात. दुकानांना नऊ, बसला आठ, हवेला चार, सरासरी सात, घेऊन टाका. हे करू नका. बस चांगली आहे म्हणून क्लोरीनचा साठा हलका होत नाही. मी दोष तीन ढिगांत टाकते. काही दोष आपले आपण सुधारू शकतो. खोली बदलायची, खिडकीला दुहेरी काच लावायची, ओलं पुसायचं. काही वस्तीने मिळून पाठपुरावा केला तर सुधारतात, जसं सिग्नलची वेळ, दुभाजक, ट्रकच्या वेळांवर बंधन, फुटपाथवरचं अतिक्रमण. आणि काही आपल्या हातात कधीच येणार नाहीत, म्हणजे वाऱ्याची दिशा, जमिनीतलं विष, भिंतीपलीकडचा साठा, एकुलती एक वाट. तिसऱ्या ढिगात मोठं काही पडलं की मी तिथेच थांबते. पहिल्या ढिगात कितीही पडू दे, त्याचा फार विचार करत नाही. दुसरा ढीग वस्तीवर अवलंबून असतो. तिथे माणसं एकत्र येऊन काही करवून घेतात का, हे बघा. गेल्या काही वर्षांत त्यांनी काय मिळवलं ते विचारलंत की पाच मिनिटांत कळतं.

घरात कोण राहणार यावरही ढिगांचं वजन बदलतं. तान्हं मूल, दमेकरी किंवा हृदयरोगी असेल तर हवेचा कोणताही दोष थेट तिसऱ्या ढिगात जातो. रात्रपाळी करून दिवसा झोपणारं माणूस असेल तर दिवसाचा आवाज मोजा. तरुण जोडपं, दोघं दिवसभर बाहेर, तर निम्म्या गोष्टी त्यांना लागूच होत नाहीत, आणि चालत कामावर जाता येणं त्यांच्यासाठी मोठी गोष्ट आहे.

शक्य असेल तर आधी भाड्याने राहा, आणि वारा उलटा फिरतो तो ऋतू त्यात आला पाहिजे. इमारत ठरली की फ्लॅट निवडताना झोपायच्या खोल्या कारखान्याच्या आणि ट्रकच्या रस्त्याच्या उलट्या बाजूला घ्या, त्या बाजूचं दृश्य वाईट असलं तरी. भाचीने शेवटी मागच्या गल्लीतलं घर घेतलं, ट्रकच्या रस्त्यापासून दोन रांगा आत, शाळा आहे त्याच बाजूला. बाजाराला मात्र तो १४ मीटरचा रस्ता ओलांडावाच लागतो. सिग्नलची वेळ वाढवायचा अर्ज आम्ही ती राहायला गेली त्याच आठवड्यात टाकला. असा अर्ज करताना नुसतं ‘वेळ कमी पडते’ लिहू नका. रस्त्याची रुंदी, हिरव्याचे सेकंद आणि म्हाताऱ्या माणसाला लागणारे सेकंद, तीन आकडे लिहा आणि वेळ कोणत्या दिवशी, कोणत्या तासाला मोजली तेही लिहा.